बाबांची कंपनी राजीनामा मागतेय, डायलिसिस सुरू आहे. काय करावं?

गोदाकाठ (मार्च २०२५; धाग्यातले कायदे आणि नियम तेव्हाचे)

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, पण हे कुणाला विचारावं ते कळत नाहीये.

बाबा ५५ वर्षांचे. नाशिकला सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात २४ वर्षं टर्नर आहेत. आधी साधं लेथ, मग संगणकावर चालणारं सीएनसी. मधुमेह जुना. गणपतीनंतर पायांवर सूज यायला लागली, ती "उभं राहून येते" म्हणत दिवाळी काढली. डिसेंबरमध्ये दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. जानेवारीपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्यात. जुन्या माणसांना एकेक करून घरी बसवणं चाललंय. मागच्या आठवड्यात ऑफिस सांभाळणारा मालकाचा भाचा बाबांना म्हणाला, "तब्येतीकडे बघा, राजीनामा लिहून द्या, महिन्याभरात सगळा हिशेब करून टाकू." बाबा लिहायला निघालेत. इतकी वर्षं त्यांचं मीठ खाल्लं, आता भांडण कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आई पोळीभाजीचे डबे देते. भावाची बारावीची परीक्षा चालू आहे. मी पुण्यात, पहिलीच नोकरी, पगार बेताचा. दर महिन्याला बाबांच्या खात्यावर बारा हजार पाठवते. या वेळी घरी गेले तेव्हा कळलं की त्यातला एक रुपया त्यांनी वापरलेला नाही. माझ्याच नावावर आरडी उघडलीय. आणि डायलिसिसचे पैसे? आईच्या पाटल्या सोनाराकडे आहेत.

राजीनामा देऊ द्यावा का? आणि पैसे त्यांनी घ्यावेत म्हणून काय करावं? दोन्ही सांगा.

सासुरवाशीण_रत्नागिरी

वाचून पोटात कालवलं गं. आधी आईला सांग, पाटल्या गेल्या तरी चालतील, माणूस राहिलं पाहिजे. मला वाटतं भावाची परीक्षा झाली की सगळ्यांना पुण्याला घेऊन ये. एक घर, एक खर्च.

गोदाकाठ

ताई, माझी खोली तिघींत आहे. दोन खोल्यांचं भाडं परवडायचं नाही. आणि आईचे डबे नाशिकमध्येच आहेत ना, ते पुण्यात पहिल्या दिवसापासून कोण घेणार? बाबा तर पुण्याचं नावही काढू देत नाहीत. "मी काय तुझ्या दारात येऊन पडू?" असं म्हणाले.

टाइमऑफिस_काका

मी ३१ वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये काढली. कामगारांचे हिशेब माझ्याच हातून गेले, त्यामुळे या भाच्याला काय हवंय ते मला नीट दिसतंय.

राजीनामा लिहू देऊ नका. कोऱ्या कागदावर, छापील फॉर्मवर, कशावरही सही नको.

काम कमी झालं म्हणून कारखान्याने कामगाराला काढलं, तर ती कामगार कपात. औद्योगिक विवाद कायदा १९४७, कलम २५-एफ. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. तुझ्या वडिलांची २४ वर्षं म्हणजे साधारण बारा महिन्यांचा पगार. त्यांनी स्वतः राजीनामा दिला की हे शून्य. आता यातली मेख बघ. सततच्या आजारपणामुळे काढलं असं दाखवलं, तर ती कपात धरलीच जात नाही. म्हणजे "तब्येतीमुळे राजीनामा" हे शब्द कागदावर आले की कंपनीची दोन्हीकडून सुटका. ऑर्डरी कमी झाल्यात हे त्यांनी तोंडाने सांगितलंय ना? मग ते कागदावर येऊ दे.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, कारण पाच वर्षं केव्हाच उलटलीत. मूळ पगार अधिक महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ती तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याज लागतं. तेव्हा "राजीनामा दिलात तरच हिशेब करू" ही निव्वळ थाप आहे.

पगाराची स्लिप काढून बघ. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात आहे का ते आधी सांग, कारण सगळ्यात मोठी गोष्ट तिथे आहे.

गोदाकाठ

काका, स्लिप मागवली. मूळ आणि डीए १८,०००. एकूण २०,४००. ईएसआय १५३ रुपये कापलेत. बाबा म्हणतात ते कार्ड सर्दीखोकल्याच्या गोळ्यांचं आहे, तिथे मोठा आजार कोण बघतं. डिसेंबरमध्ये त्यांना रात्री जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं आणि तेव्हापासून तिथेच चाललंय.

टाइमऑफिस_काका

हेच. शंभरातले नव्वद कामगार हेच म्हणतात.

१८,००० वर २४ वर्षांची ग्रॅच्युइटी २,४९,२३० रुपये होते. भाच्याने यापेक्षा कमी आकडा सांगितला तर तिथेच थांबा.

आता ईएसआय. पगार २१,००० पर्यंत असला की कामगार त्यात असतो. त्याचे पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १५३ रुपये म्हणजे बरोबर पाऊण टक्का. आजारपणात कामावर जाता आलं नाही तर वर्षात ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के पैसे खात्यात येतात. त्यापुढे काही ठरावीक दीर्घ आजारांची यादी आहे, क्षय, कर्करोग, पक्षाघात वगैरे. किडनी कायमची निकामी होणं त्या यादीत आहे. त्यासाठी ८० टक्के दराने पैसे मिळतात आणि मुदत वाढत वाढत दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. मुख्य अट ही की किमान दोन वर्षांची सलग नोकरी हवी. यांची २४ आहे.

उपचारही त्यांच्याकडूनच. सातपूरला कामगार विम्याचं रुग्णालय आहे. तिथे जी सोय नसेल त्यासाठी ते करारातल्या खासगी रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात. चिठ्ठी आधी, उपचार नंतर, हा क्रम चुकवू नका. रजेचं प्रमाणपत्रही ईएसआयच्या डॉक्टरचंच लागतं. आणि जोवर माणूस आजारपणाचा लाभ घेतोय तोवर मालकाला त्याला काढता येत नाही. ईएसआय कायद्याचं कलम ७३. भाच्याला राजीनाम्याची घाई का झालीय ते आता कळलं असेल.

रोखठोक

काका, कायदा कागदावर ठीक आहे. छोट्या कारखान्यात युनियन नाही, माणूस डायलिसिसवर, मुलगी पुण्यात. लेबर कोर्टाच्या तारखा घालत बसायच्या का? जे मिळतंय ते पदरात पाडून मोकळं व्हावं. आणि गोदाकाठ, तुला कटू वाटेल, पण तूही स्वतःचं बघ. मी भावनेच्या भरात वडिलांच्या आजारपणासाठी ॲपवरून कर्ज काढलं, चार वर्षं फेडतोय.

टाइमऑफिस_काका

रोखठोक, कोर्टात जा असं मी कुठे म्हटलं? सही करू नका एवढंच म्हटलं. सही न करायला वकील लागत नाही. बहुतेक मालक कोर्टापर्यंत जात नाहीत. समोरच्याला आकडा माहीत आहे एवढं कळलं तरी बोलणं बदलतं.

दवाखान्यातली_ताई

मी एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा विभागात आहे. ईएसआय चालू आहे तोवर तेच वापरा, मी ते संपलं तर काय यावर लिहिते.

एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पूर्वी ही पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांसकट सगळ्यांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. डायलिसिस यात बसतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी तिथे जा, बिलिंग काउंटरवर नंतर. रेशन कार्डावर बाबांचं नाव आधारसारखंच आहे ना, ते आजच बघ. माझ्याकडे येणारे अर्धे लोक त्या एका अक्षरासाठी परत जातात.

दोन, धर्मादाय रुग्णालयं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. मर्यादा वर्षाला १,८०,००० आणि ३,६०,०००. तुमचं उत्पन्न दुसऱ्या गटात बसतंय. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेव. नोकरी गेली तर नवा काढावा लागेल, कारण जुन्या दाखल्यावर जुना पगार असतो.

लोक आमच्या टेबलाशी येतात ते दागिने गेल्यावर, सोसायटीचं कर्ज झाल्यावर, पाव्हण्यांकडून उसने घेऊन झाल्यावर. सगळं संपल्यावर. पहिल्या दिवशी आले असते तर निम्मं वाचलं असतं. कष्टकरी माणसाला फुकटचं मागायची लाज वाटते, आणि ज्यांना वाटत नाही ते साहेबाची चिठ्ठी घेऊन बरोबर पहिल्या दिवशी उभे असतात. असो.

उपरा

मी कॅनडात असतो. माझ्या वडिलांनीही असंच केलं होतं, पाठवलेले डॉलर जसेच्या तसे एफडीत. मग मी त्यांना पाठवणंच बंद केलं. विजेचं बिल, गॅस, मेडिकलवाल्याचं खातं, रिक्षावाल्याचे महिन्याचे पैसे, हे परस्पर भरायला लागलो. आता काय परत करणार! करून बघ.

लालबाग_परळ

उपरा यांचा उपाय चालतो, पण जपून.

माझे वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत. संप कधी संपला असं कुणी सांगितलंच नाही, वडिलांचं कामावर जाणं मात्र संपलं. आईने खानावळ चालू केली. आमच्याकडे बायकांनी खानावळ चालवणं नवीन नव्हतं, प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. घर आईने तारलं, त्यात शंका नाही. पण मोठा काका यायचा, वाण्याचं बिल परस्पर चुकतं करायचा आणि जायचा. त्यानंतर वडील वाण्याकडे जायचेच बंद झाले. मग रेशनला. मग नाक्यावर. उपकार करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण विचारलं कुणी नाही त्यांना.

तेव्हा बिल भर, पण त्यांना सांगून भर. त्यांनाच भरायला लाव हवं तर.

रोखठोक

विचारलं तर नाही म्हणतात, न विचारता केलं तर दुखावतात. मुलांनी करायचं काय?

चार_तास

मी बहुतेक या धाग्यावरचा एकटाच पेशंट. वय ५८, जळगाव, कपड्याच्या दुकानात हिशेबाला आहे. डायलिसिसला सहा वर्षं होत आली. नावाचा अर्थ डायलिसिसवाल्यांना कळेल.

मुलीचे पैसे मीही परत केले होते. का केले ते सांगतो, पोरांनी रागावू नये. यंत्राला जोडून चार तास नुसतं छताकडे बघत पडायचं असतं. तेव्हा डोक्यात एकच चक्र, आपण आता खर्च झालो. काल कमावणारे होतो, आज खर्च. त्यात पोरीचे पैसे आले की वाटतं आपण तिचं आयुष्य खातोय. ते पैसे बाजूला ठेवले की जरा बरं वाटतं, आपण अजून बाप आहोत असं. तुझ्या बाबांनी आरडी उघडली ना? मला त्यांचा हिशेब बरोबर कळला.

माझं डोकं ताळ्यावर आलं ते मालकाने कामावर परत घेतलं तेव्हा. डायलिसिस सोम-बुध-शुक्र, दुकान मंगळ-गुरू-शनि. पगार निम्मा. पण निम्मा का होईना, माझा. तुझे बाबा लेथवर उभे राहू शकणार नाहीत कदाचित, पण २४ वर्षांच्या टर्नरला मोजमाप येतं, ड्रॉइंग वाचता येतं. तपासणीचं, टूल स्टोअरचं बसून करायचं काम मागून बघा.

तुला एक सुचवतो. त्यांना मदत देऊ नकोस. काकांनी लिहिलंय ते त्यांना वाचून दाखव आणि म्हण, बाबा, हे तुमचे कापलेले पैसे आहेत, ते आणायला मला तुमची मदत हवी. दर महिन्याला १५३ रुपये गेले ते काय दानधर्म होता?

आणि हो, फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातात रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) केला असेल तर त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, पिशवी नाही. भेटायला येणाऱ्यांना सांगून ठेवा की शहाळं आणू नका! पोटॅशियम चढतं, ते हृदयाला घातक. मला पहिल्या महिन्यात इतकी शहाळी आली की बायकोने दारात गाडी लावली असती. केळी, संत्र्याचा रसही नको. पालेभाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून द्यायचं. बाकी तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

सासुरवाशीण_रत्नागिरी

चार_तास, तुम्हाला नमस्कार. मी वर लिहिलं होतं पुण्याला आण म्हणून. ते राहू दे.

गोदाकाठ

उत्तरं वाचून शनिवारी घरी गेले. धागाच बाबांना वाचून दाखवला. शहाळ्यावर हसले, कारण आमच्या फ्रीजमध्ये दोन होती. कलम २५-एफ मात्र दोनदा वाचायला लावलं आणि मग स्वतःच जुन्या ट्रंकेतून स्लिपांचा गठ्ठा काढला. २००१ पासूनच्या सगळ्या, तारखेप्रमाणे. माणसाने कधी एक स्लिप टाकलेली नाही.

सोमवारी आम्ही दोघं सातपूरच्या रुग्णालयात गेलो. रांग मोठी होती, बाबा दमले, पण कागद झाले. पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांची तपासणी आहे, मग डायलिसिसची चिठ्ठी. कारखान्यात बाबा एकटे गेले, मला येऊ दिलं नाही. भाच्याला म्हणाले, मी राजीनामा देत नाही, मी आजारपणाच्या रजेवर आहे, हे घ्या पत्र, पोच द्या. पोच मिळाली. तो जरा गप्पच झाला म्हणे. हलक्या कामाचं अजून विचारलेलं नाही.

आरडीवरून अजून वाद आहे. मोडायला तयार नाहीत. तोडगा आईने काढला. पाटल्या आरडीच्या पैशांतून सोडवायच्या आणि ते पैसे बाबांनी ग्रॅच्युइटी आली की आरडीत परत भरायचे. उसने. वहीत लिहून ठेवलेत, तारीख घालून.

काका, दोन प्रश्न. आजारपणाची रजा चालू असताना हलकं काम केलं तर चालतं का? आणि पीएफमधून उपचाराला पैसे काढावेत का? पीएफच्या खात्यात बाबांच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं आहे.

टाइमऑफिस_काका

वा! पोच घेतली हे उत्तम.

पहिलं. ज्या दिवसाचा पगार घ्याल त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. दोन्हीकडून घेतलं तर वसुली लागते. आधी काही महिने पूर्ण रजा घेऊन अंगात ताकद येऊ द्या, मग हलक्या कामाचं बोला. लाभ चालू आहे तोवर नोकरीला संरक्षण आहे, त्यामुळे घाई तुमची नाही.

दुसरं. आजारासाठी पीएफमधून उचल मिळते, फॉर्म ३१. सहा महिन्यांचा मूळ पगार आणि डीए, किंवा कामगाराचा स्वतःचा व्याजासकट हिस्सा, यातलं जे कमी ते. परत भरायची नसते. पण ईएसआयचे पैसे सुरू होणार असतील तर पीएफला हात लावू नका.

नावाचं मात्र आत्ताच करा, कारण पुढे पेन्शनला तेच आडवं येईल. पीएफच्या पोर्टलवर संयुक्त घोषणापत्र असतं. ते कामगार आणि मालक दोघांनी मिळून करायचं, म्हणजे भाच्याचा अंगठा लागेल. संबंध अजून बिघडलेले नाहीत तोवर उरकून घ्या.

पेन्शनबद्दल एक, कारण पुढे कुणीतरी चुकीचं सांगेल. दहा वर्षं नोकरी झालेल्याला ५० नंतर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जेवढी वर्षं कमी, तेवढ्या वर्षांची दर वर्षामागे ४ टक्के कपात होते, आणि ती कायमची. ५५ ला घेतली तर १२ टक्के गेले. पण पुढे कधी डॉक्टरांनी लिहिलं की हे काम आता यांना कायमचं जमणार नाही, तर कायमच्या अपंगत्वाची वेगळी पेन्शन मागता येते. त्यात ही वयाची कपात नाही. पेन्शनचा अर्ज तोच, फॉर्म १०-डी, पण त्यात कारण कोणतं भरता यावर सगळं आहे, आणि वैद्यकीय मंडळाची तपासणी होते. म्हणून कुणी "लवकरची पेन्शन घेऊन टाका" म्हणालं तर आधी इथे विचारा.

नावाच्या दुरुस्तीला आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेव. दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग असेल, बहुतेकांचं असतं. तसं असेल तर लिही, त्याचंही बघू.